तीन सरळ चमचे

टोमॅटोचा डबा उघडण्याआधी धाकटी तो पालथा करून बुडावर दोन थापा मारायची. गर तळाशी चिकटून राहू नये म्हणून. मग झाकण कापायचं, डबा पातेल्यात उपडा करायचा, त्याच डब्यात थोडं पाणी घालून खळखळ हलवायचं आणि तेही पातेल्यात ओतायचं. थेंब वाया जाता कामा नये. झाडांची पानं गळायला लागली की बाजारातले ताजे टोमॅटो म्हणजे नुसती शोभा. वरून लाल, आतून पांढरे, आणि चवीच्या नावाने शंख. तेव्हा कामावरून दमून आलेल्या शहाण्या माणसाने संध्याकाळी डब्यातलेच टोमॅटो वापरावेत, हे तिचं मत होतं आणि त्या मतासाठी ती कुणाशीही भांडायला कंबर कसून तयार असायची.

धाकटी म्हणजे वयाने काही धाकटी नव्हे. चव्वेचाळीस वर्षांची बाई. पण बसडेपोच्या कॅन्टीनमध्ये आधीपासून मोठ्या बाई होत्या, म्हणून ही धाकटी. वीस वर्षांत केस पिकले, चष्मा लागला, नाव मात्र तेच राहिलं. पुढे घरीही नवरा तिला धाकटीच म्हणायला लागला.

उन्हाळा संपता संपता तिला ताप आला. आठ दिवसांनी गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. तिखट तेवढं जिभेला झोंबायचं. खारट, आंबट, गोड, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल परत. महिन्याने येईल, सहा महिन्यांनी येईल, कदाचित नाहीही येणार. डॉक्टरांचं काय जातं सांगायला! शिंपिणीचे डोळे गेले तर सगळी हळहळतात. स्वयंपाकिणीची जीभ गेली हे कुणाला दिसत पण नाही.

कॅन्टीनमध्ये तिने कुणालाही ताकास तूर लागू दिली नाही. तिथे नियमच होता, चव घ्यायची ती मोठ्या बाईंनी. धाकटीने चिरायचं, परतायचं, ढवळायचं; शेवटी मोठ्या बाई कढईपाशी यायच्या, पळीतलं थेंबभर तळहातावर घ्यायच्या आणि सांगायच्या, इतकं मीठ टाक, इतकं पाणी. त्यामुळे ताप येऊन गेल्यावरही दोन महिने निभावलं. पण मोठ्या बाई पुढच्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होत्या. त्या ज्याचं नाव सांगतील त्याच्या हातात कॅन्टीन जाणार होतं, आणि सगळ्या डेपोला ठाऊक होतं की त्या धाकटीचंच नाव सांगणार. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते ताट समोर आलं, आणि नेमकी तेव्हाच जीभ गेली. याला म्हणतात नशीब!

धाकटी रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिने डोकं चालवलं. जीभ नाही तर नाही, तराजू तर आहे? हात अंदाजाने घालतो, तराजू मोजून घालतो. डब्यातल्या टोमॅटोंचा हाच तर मोठा गुण. ताजे टोमॅटो एक दिवस आंबट, एक दिवस गुळमट, पण डबा सोमवारचा काय आणि शुक्रवारचा काय, तोच. एका डब्याला किती ग्रॅम मीठ, किती साखर, किती मिरपूड, हे एकदा पक्कं केलं की पुढे नव्वद माणसांना नुसता गुणाकार. वही करायची. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी एक पदार्थ, डब्यातल्या टोमॅटोचा. कधी घेवड्याचे दाणे, कधी डाळीचं दाट सूप, कधी बटाटे, कधी रस्शात सोडलेली अंडी. आणि चव घ्यायला घरातली तीन माणसं.

पहिल्याच दिवशी तिने तिघांना समोर बसवून सांगितलं. "हे बघा, आता तुम्हीच माझी जीभ. माझ्याशी खोटं बोलायचं नाही. मला वाईट वाटेल, मी चिडेन, ते माझं मी बघीन. तुम्ही खरं तेच सांगायचं. कबूल?"

"कबूल," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर काचा धरून तो विचारायचा, ही बरी की ती बरी, आणि कुणी अंदाजाने उत्तर दिलं तर दटावायचा.

"पण आई, तोंडाने विचारलंस की माणूस छानच म्हणतो," लेक म्हणाली. लेक सोळा वर्षांची, लाडाने ठमी. "आपण चमचे ठेवू या. मीठ जास्त असेल तर चमचा ताटाच्या उजवीकडे. कमी असेल तर डावीकडे. बरोबर असेल तर ताटात मधोमध, सरळ. बोलायचंच नाही."

धाकटीला हे फार आवडलं. पोरगी कुणाची आहे शेवटी!

तिसरी जीभ सासऱ्यांची. सासऱ्यांचा सगळा जन्म सरकारी खात्यात वजनमापं तपासण्यात गेला होता. ते बाजारात शिरले की दुकानदार तराजूची पारडी पुसायला घ्यायचे. घरात त्यांना तपासायला काही नव्हतं, म्हणून ते सुनेचा स्वयंपाक तपासायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला त्यांनी "अळणी" असा शेरा मारला होता आणि तेव्हापासून अठरा वर्षं एकही पदार्थ त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. मीठ ठीक असेल तर कांदा कच्चा, कांदा ठीक असेल तर भात चिकट. धाकटीही काही कमी नव्हती. एक ऐकलं तर दोन ऐकवायची. नवरा आणि ठमी मधे बसून खाली माना घालून जेवायची. पण ह्या वेळी सासऱ्यांनी आपणहून कपाटातून आपला पितळी तराजू काढला, लहान वजनांची पेटी काढली आणि तिच्या ओट्यावर आणून ठेवली. "मोजायचं तर नीट मोज," एवढंच म्हणाले.

पहिले दोन आठवडे चमच्यांनी तिला नाचवलं. सोमवारी सगळे डावीकडे. मंगळवारी मीठ वाढवलं तर सगळे उजवीकडे. बुधवारी दोन उजवीकडे, एक डावीकडे, म्हणजे आता करायचं काय! पूर्वी ती कधी मोजत नव्हती. किती घालायचं ते हाताला माहीत होतं, डोक्याला कधी विचारायची वेळच आली नव्हती. आणि आता हातावरचा भरवसा उडाला होता. तिसऱ्या सोमवारी तिने घेवड्याला दहा ग्रॅम घातलं आणि तिन्ही चमचे डावीकडे गेले. सासऱ्यांनी वर तोंडानेही सांगितलं, "पाणचट."

तेवढं निमित्त पुरलं. धाकटीने पातेलं उचलून सिंकमध्ये आपटलं. लाल रस्सा भिंतीवर, पडद्यावर, तिच्या साडीवर. "मेला माझा हात," ती म्हणाली आणि ओट्याला टेकून खाली बसली आणि हमसाहमशी रडली. ठमी घाबरून गेली. नवऱ्याने तिला उठवलं, तोंड धुवायला लावलं, आत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पातेल्यापाशी उभी राहिली. पुन्हा घेवडाच. रागारागात वीस ग्रॅम मीठ मोजलं. होऊ दे काय व्हायचं ते! ताटं वाढली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे वळून पाहिलं तर तिन्ही चमचे मधोमध. सरळ.

"सासऱ्यांचाही?" तुम्ही विचाराल. सासऱ्यांचाही. तिने दोनदा पाहिलं. म्हातारा ताटात बघून जेवत होता, चकार शब्द न काढता.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. वीस ग्रॅमचा हिशेब धरून तिने बाकीचे पदार्थ बसवले. डाळीच्या सूपला अठरा, अंड्यांना चौदा, बटाट्यांना बावीस. रोज संध्याकाळी साडेसातला तीन चमचे सरळ. आणि सासरे गप्प! अठरा वर्षांत ज्या माणसाने एकदा बरं म्हटलं नाही तो महिनाभर नावं ठेवीना. नवऱ्याच्या चमच्यावर तिने एखाद वेळेस शंका घेतली असती, तो मुळात मऊ. ठमी तर मूल. पण म्हातारा? म्हाताऱ्याने सुनेचं मन राखण्यासाठी खोटं बोलायचं म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवायचं. धाकटीला इतका आनंद झाला की तिने कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाईला विनाकारण मिठी मारली.

हल्ली जेवताना पाण्याचा जग दोनदा भरावा लागतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिलाही तहान लागायची. हवा कोरडी पडली आहे, ती म्हणायची. हो, फार कोरडी, नवरा म्हणायचा.

मग तो गुरुवार आला. मोठ्या बाईंनी सकाळी एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि दाराजवळच्या खुर्चीत पाय लांब करून बसल्या. "आज मी कढईला हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "चवही घेणार नाही. आज कॅन्टीन तुझं. बघू दे तरी मला, मी गेल्यावर काय होणार आहे ते."

धाकटीने मोठे डबे एकामागून एक पालथे करून थापा मारल्या. कांदा परतला, टोमॅटो ओतले, घेवडा टाकला. वही उघडून कढईशेजारी ठेवली. नव्वद माणसांना साडेचारशे ग्रॅम मीठ. ते तिने मोजून वाडग्यात काढलं आणि वाडगा उचलला. हाताला तो जड लागला. हात सरळ म्हणाला, अगं बाई, हे फार होतंय. वीस वर्षांत या कढईत पाव किलोच्या फार पुढे तो कधी गेला नव्हता. ती क्षणभर थांबलीसुद्धा. पण हाताचं ऐकायचं की वहीचं? वहीत तीन माणसांची साक्ष होती, त्यात एक आयुष्यभर वजनमापं तपासलेला माणूस. तिने वाडगा कढईत रिकामा केला.

पहिल्या पाळीचे ड्रायव्हर बाराला आले. पहिला घास घेतलेला ड्रायव्हर थांबला. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी पाणी पीत होता. थोड्या वेळात पाण्याच्या टाकीपुढे जेवणाच्या रांगेपेक्षा मोठी रांग लागली. एक जाडजूड ड्रायव्हर खिडकीपाशी ताट घेऊन आला. चांगला माणूस, रोज गंमत करणारा. "धाकटी," तो म्हणाला, "मला आता चार तास गाडीवर बसायचंय. एवढं पाणी पिऊन मी बस कुठे कुठे थांबवू?" मागचे हसले. ती पण हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. तिने वाकून ताटांच्या ढिगाकडे पाहिलं. पाव संपले होते. घेवडा जसाच्या तसा होता.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. पळीतलं थेंबभर तळहातावर घेतलं, चाटलं आणि नळावर जाऊन थुंकल्या. मग ओरडल्या नाहीत. धाकटीला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती घातलंस?"

धाकटीने वही पुढे केली. मोठ्या बाईंनी पान वाचलं, मग मागची पानं चाळली. सगळं त्यांच्या लक्षात आलं. वीस वर्षं शेजारी उभी राहिलेली बाई, तिला काय सांगावं लागतं?

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला बोलली नाहीस." मोठ्या बाईंनी वही मिटली. "डोळ्यांना दिसत नसताना जो बस घेऊन निघतो त्याला आपण काय म्हणतो, सांग बरं मला? मी तुझं नाव सांगायला निघाले होते."

धाकटीने मान खाली घातली. पण दुसरा प्रश्न तिच्या डोक्यात घण घालत होता, म्हणून ती तोच बोलली. "पण घरी रोज बरोबर होत होतं. तिघंही म्हणत होते."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या नजरेत पहिल्यांदाच दया आली. "वीस ग्रॅम, एका डब्याला?" त्या म्हणाल्या. "अगं, जनावरसुद्धा तोंड लावणार नाही." मग एप्रन खुंटीवरून काढत म्हणाल्या, "वही वाईट नाही. वहीत खोट नाही, जिभेत आहे. सोमवारपर्यंत मला एक जीभ आणून दाखव. कुणाची का असेना, पण खोटं न बोलणारी. नाही आणलीस तर मी दुसऱ्याचं नाव सांगणार."

घरी येताना रस्त्यात पानांचा खच पडला होता आणि दिवस लवकर मावळत होता. धाकटी मनाला समजावत होती. चमचे सरळ होते, मी डोळ्यांनी पाहिलेत. कॅन्टीनचे डबे वेगळे असतील. कॅन्टीनचं मीठच जास्त खारट असेल. माणूस काय काय समजूत घालून घेतो! कोपऱ्यावरच्या दुकानाशी आल्यावर तिचं तिलाच हसू आलं, आणि मग तिने ठरवलं.

त्या संध्याकाळी तिने डाळीचं सूप केलं. डबा पालथा केला, थापा मारल्या. कांदा, लसूण, डाळ, टोमॅटो, सगळं नेहमीसारखं. तराजू मांडला, पारड्यात वजनं टाकली, अठरा ग्रॅम मीठ मोजलं आणि मोजलेलं मीठ परत बरणीत ओतलं. सुपात चिमूटही घातलं नाही. साडेसातला ताटं मांडली. या खेपेस ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली नाही. खुर्ची ओढून समोर बसली.

ठमीने एक घोट घेतला. तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली आणि लगेच गेली. तिने चमचा ताटात सरळ ठेवला आणि पाव मोडायला लागली. नवऱ्याने घोट घेतला, थोडा थांबला, धाकटीकडे पाहून हसला. चमचा सरळ. "आज तर झकास जमलंय," वर असंही म्हणाला.

राहिले सासरे. धाकटी त्यांच्याकडेच बघत होती. तिने आयुष्यात कधी कुणाकडे एवढ्या आशेने पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला. तोंड वाकडं झालं. चमचा हातात तसाच राहिला. बोला, ती मनात म्हणत होती. अठरा वर्षं मला पिडलंत, आज एकदा पिडा. सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने डोळ्यांनीच नाही म्हटलं. सासऱ्यांचा चमचा खाली आला आणि ताटात मधोमध पडला. सरळ.

"आज मी मीठच घातलेलं नाही," धाकटी म्हणाली.

ठमीचा घास तोंडातच राहिला.

"चिमूटभरसुद्धा नाही. आणि तीन चमचे सरळ." ती उठून उभी राहिली. "महिनाभर तुम्ही सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. तुमच्यातला एक जणही मला सांगू शकला नाही?"

"पप्पांनी सांगितलं होतं," ठमी रडायलाच लागली. "तू पातेलं आपटलंस ना, तेव्हा. म्हणाले, आई फार खचली आहे, चार दिवस चमचे सरळ ठेवा. मग तू इतकी खूश झालीस आई, आम्हाला थांबताच येईना."

"अगं, तुझी दशा बघवत नव्हती," नवरा म्हणाला. "काय करणार होतो मी? तुझं बरं व्हावं म्हणूनच केलं ना?"

"दुकानात गिऱ्हाइकाला दटावता ना, अंदाजाने बोलू नका म्हणून? खोटा नंबर देऊन कुणाला रस्त्यावर सोडाल का, त्याला बरं वाटावं म्हणून?"

"तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस खरंच रस्त्यावर जातो."

"आणि मी कुठे जाणार होते?"

नवरा गोंधळला. खरं तर इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. पण मऊ माणसं अडचणीत सापडली की जास्त बोलतात. "मला वाटलं, ती वही तुझ्या मनासाठी आहे," तो म्हणाला. "म्हटलं, तेवढाच विरंगुळा. आजारातून उठलेल्या माणसाला काहीतरी हवंच असतं ना. तू खरोखर नव्वद माणसांना त्या वहीवरून जेवायला घालशील, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं गं."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे हे असं होतं तर. दया येऊन खोटं बोलला, तर तेही एक वेळ गिळता आलं असतं. पण ती महिनाभर तराजूवर मिठाचा कण न् कण मोजत होती, गुणाकार करत होती, पानं भरत होती. आणि हा समोर बसून समजत होता की बायको भातुकली खेळते आहे. लहान मुलीने मातीची भाकरी दिली की मोठी माणसं मटामटा खाल्ल्यासारखं करतात, तसं ह्याने केलं. अठरा वर्षं ह्याच्या मांडीवर विश्वासाने मान ठेवली आणि ह्याने केसाने गळा कापला.

"आज कॅन्टीनमध्ये नव्वद ताटं परत आली," ती म्हणाली. "विरंगुळा झाला सगळ्यांचा." आणि ताटं तशीच टाकून आत निघून गेली.

सकाळी सहाला ती चहाचं आधण ठेवत होती तेव्हा सासरे स्वयंपाकघरात आले. त्यांनी स्टूल ओढलं आणि तराजूशेजारी बसले. बराच वेळ वजनांची पेटी उघडझाप करत राहिले.

"पहिल्या मंगळवारी घेवडा," ते एकदम म्हणाले. "मीठ जवळजवळ दुप्पट. बुधवारी सूप, मीठ जास्त, डाळ करपलेली, बुडाशी. गुरुवारी अंडी. अंडी ठीक, रस्सा खारट, साखर उगीच. शुक्रवारी बटाटे, तोंडात धरवेनात. दुसरा सोमवार…"

ते सांगत गेले. सगळा महिना, दिवसवार, ओळीने. एकही दिवस चुकला नाही, एकही दोष सुटला नाही. एवढे दिवस सगळं पोटात साठवून ठेवलं होतं म्हाताऱ्याने, आणि ते त्यांना अन्नापेक्षा जड झालं असावं. धाकटीच्या मागे आधण उतू गेलं तरी तिने वळून पाहिलं नाही.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मुलगा म्हणाला, तू रडतेस."

"अठरा वर्षं मी तुमच्यापायी रडते आहे! तेव्हा नाही कधी थांबलात?"

"तेव्हा तुला चव होती," सासरे म्हणाले. "मी अळणी म्हटलं की तू चाखून बघायचीस आणि माझ्याशी भांडायचीस. आता काय म्हटलं तरी तुला खरंच मानावं लागणार. मला धीर झाला नाही." त्यांनी पारड्याची साखळी सरळ केली. "चाळीस वर्षं लोकांची खोटी मापं जप्त केली. आणि आपल्याच ताटात खोटं माप मांडलं. लाज वाटते मला."

"ह्या घरात तुमच्या एकट्याच्या तोंडावर माझा भरवसा होता, बाबा," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी सावध झाले असते. मी तुमचा चमचा बघून वही लिहिली."

सासरे म्हणाले, "वही आण. दिवस सांगतो, त्यापुढे लिही. खरं काय ते." आणि तिने आणली. वहीतल्या प्रत्येक "बरोबर"वर काट मारत ती लिहीत गेली. खारट, खारट, फार खारट. लिहिताना एक-दोनदा डोळे पुसावे लागले. ते संपल्यावर म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर डेपोत यायचं. मोठ्या बाईंपुढे."

"तिथे मला काय मिळणार?"

"दुपारचं जेवण."

"खारट?" सासऱ्यांनी विचारलं. तिला हसू यायला नको होतं, पण थोडं आलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने बटाटे केले. डबा पालथा केला, दोन थापा मारल्या. बावीसवर काट मारून नऊ ग्रॅम घेतलं. साडेसातला ताटं मांडली. ठमी आईच्या पाठीला बिलगून गेली, आणि आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला; मूलच ते, बापाने सांगितलं ते ऐकलं. मग सगळी बसली.

नवऱ्याने पहिला घास घेतला. नीट चावला. दुसरा घास घेतला, डोळे मिटून, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा. मग चमचा उचलून ताटाच्या डावीकडे ठेवला, मुद्दाम आवाज होईल असा. "कमी आहे," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो, धाकटे, मीठ कमी आहे."

धाकटी समोर वही उघडून, हातात पेन्सिल धरून बसली होती. पेन्सिल हलली नाही. ती सासऱ्यांकडे बघत होती. सासऱ्यांनी एक घास खाल्ला, पाण्याचा घोट तोंडात फिरवून गिळला, पुन्हा एक घास खाल्ला. कुणाकडे पाहिलं नाही. मग त्यांनी चमचा डावीकडे ठेवला.

"अळणी," ते म्हणाले. "दोन ग्रॅम वाढव. आणि बटाटे मोठे चिरलेत."

धाकटीने वहीत लिहिलं: बटाटे, नऊ, कमी.

"मीही तेच सांगितलं होतं," नवरा हळूच म्हणाला.

तिने वहीतून मान वर केली नाही.

"सांगितलं असेल," ती म्हणाली, आणि मिठाची बरणी आणायला उठली.